रॉडला लागलेला हात

सुधाकर, मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तू माझं एकही भांडण धड संपू दिलं नाहीस, आणि आता मधेच उठून चालता झालास. परवा तुझं तेरावं झालं. तिथून घरी येऊन ओटीवर बसलो तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला तुझा राग आला. बायको म्हणाली, "आता तरी सोडा त्यांना." कसं सोडू? तू सोडलं होतंस का मला?

वाद काय होता ते तुला सांगायला नको, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. सहा वर्षांपूर्वी आपण भाड्याच्या बोटीने समुद्रात दिवसभराचं अंतर आत गेलो आणि तू रॉडने एक मोठा कुपा धरलास. कुपा म्हणजे ट्यूना, पिवळ्या पंखांचा, उभा केला तर माझ्या छातीला लागेल एवढा. पावणेदोन तास तू त्याच्याशी झुंजत होतास. त्या पावणेदोन तासांतले दहा सेकंद माझे हात तुझ्या रॉडला लागले. तुमच्या त्या खेळाचा नियम असा, की मासा लागल्यापासून बोटीवर येईपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात रॉडला लागला तर तो मासा तुमच्या नावावर लागत नाही. तुझा आयुष्यातला एकुलता एक मोठा मासा माझ्या दहा सेकंदांपायी बाद झाला. मी सांगत आलो, तू तोल जाऊन पाण्यात पडत होतास म्हणून धरलं. तू सांगत आलास, मी पडत नव्हतो. एवढ्यावर आपण सहा वर्षं काढली. चहा पिताना, माझ्या वाडीत नारळ मोजताना, तुझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा. व्याही म्हणाले, तुमच्या दोघांचं काही जमिनीचं प्रकरण आहे का?

मुळात तुझा आणि समुद्राचा संबंध काय? तू चाळीसगावकडचा. बोईसरला नोकरी लागली तेव्हा भरतीची वेळ रोज बदलते हे ऐकून तुला कुणीतरी फसवतंय असं वाटलं होतं. सरावलीला खोली, कारखान्यात मेंटेनन्सचा फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी दोन रिक्षा बदलून केळव्याला हजर. मी वाडीच्या कुंपणाशी सुपाऱ्या सोलत बसलो होतो, आणि समोर एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बांबूच्या काठीला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, बांधून, ऐन ओहोटीला घोटाभर पाण्यात उभा. मला राहवलं नाही. "ओ भाऊ, पानी गेलाय. आता काय नाय लागनार तुमाला." तू मागे वळूनही पाहिलं नाहीस. "नाही लागलं तर नाही लागलं भो. मी उभा आहे ना." तीन तास उभा राहिलास. शेवटी मीच शहाळं कापून घेऊन आलो, आणि तिथेच माझं चुकलं.

त्यात तू शाकाहारी. अंड्यालासुद्धा हात न लावणारा. काशिनाथ तांडेल, ज्याची बोट आपण घ्यायचो, तो आधी जाळ्याची मासेमारी करायचा आणि अलीकडे रॉडवाल्या शौकिनांना आत न्यायला लागला होता. पुष्कळ नमुने पाहिले होते त्याने. पण बोटीवर सगळे बोंबील तळून खात असताना तू कोपऱ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी काढलीस, तेव्हा त्याने सुकाणू सोडून कपाळाला हात लावला. "म्हावरा खात नाय, आन् म्हावऱ्यापाठी येडा झालाय. मंग धरतो कशाला?"

"धरायला," तू म्हणालास.

या उत्तरावरही मी गप्प बसायचो नाही. मी तर कायम बोलायचो. "बाजारात जा, पापलेटवाली ओळखीची हाय, लागेल तेवढा मासा हातात धर आनि परत ठेव." तुझ्या छंदाची चेष्टा करणं हा माझा छंद होता. गावात, वाडीवर येणाऱ्या पाहुण्यांसमोर, तुझ्या बायकोसमोर. तू हसायचास. ते हसणं मला आता आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

स्कूटरचं प्रकरण आठवतंय ना? मोठा मासा ओढतो कसा याची सवय हवी म्हणून तू फोनवर कसले कसले व्हिडिओ पाहिलेस, आणि एका रविवारी सकाळी माझ्या स्कूटरच्या मागच्या बाजूला तंगूस बांधलंस. म्हणालास, "तू मासा. पळ." किनाऱ्यावर मुंबईची माणसं भरलेली, घोड्यावर बसणारी, भेळ खाणारी. ओल्या वाळूवरून मी स्कूटर पळवतोय, मागे तू कमरेला पट्टा बांधून, टाचा रोवून, रॉड वाकवून ओरडतोयस, "डावीकडे जा! मासा असा सरळ जात नाही भो!" पन्नासेक लोकांनी फोन काढून व्हिडिओ घेतले. माझा मेहुणा अंधेरीला राहतो, त्याला संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पोचला. त्याने विचारलं, "भावोजी, स्कूटरचे हप्ते थकले का?" आणि मी चार रविवार तुझा मासा झालो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. घरी येऊन बायकोपुढे चरफडायचो आणि पुढच्या रविवारी पेट्रोल भरून तयार.

तुझ्या त्या नियमाच्या वेडाचं मूळ मात्र समुद्रात नव्हतं, कारखान्यात होतं. पंप दुरुस्तीला घेतला की त्याच्या बटणाला कुलूप घालायचं, आणि ज्याने घातलं त्यानेच ते काढायचं. मॅनेजर आला तरी त्याने हात लावायचा नाही, कारण आत कुणाचा तरी हात असू शकतो. रास्त आहे. पण म्हणून गाडी वलसाडला पोचल्यावर किल्ली खिशात राहिल्याचं लक्षात आलं आणि साल्याच्या लग्नाला निघालेला माणूस उतरून परत बोईसरला येतो? लोक म्हणत होते, कुलूप कापतो आम्ही, साहेबांची सही घेतो. तू म्हणालास, माझं कुलूप आहे, मी काढणार. नलिनीवहिनी दोन बॅगा आणि आहेराची साडी घेऊन एकट्या पुढे गेल्या. लग्नात सगळे विचारत होते, जावई कुठे? त्यांनी सांगितलं, कुलूप काढायला गेलेत. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तो पीळ तुझा.

आता त्या दिवसाचं. लिहायलाच हवं.

नाताळ उलटून गेला होता. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत होता आणि तरी मी पहिला दिवस ओकण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा रंग बदलला, आपल्या किनाऱ्याचा गढूळपणा जाऊन गर्द निळा झाला. मागे नकली मासोळ्या सोडून काशिनाथ बोट हळू चालवत होता. नऊच्या सुमाराला रीळ किंचाळलं. तू हातातली भाकरी टाकून धावलास. पट्टा बांधलास, पाय बाकाला टेकवलेस. तंगूस सुटत होतं, सुटत होतं, आणि काशिनाथ ओरडत होता, "थांब, जाव दे त्याला! आदी जाव दे!"

माझं काम तुझ्या मानेवर ओला टॉवेल टाकायचं आणि तोंडात पाणी ओतायचं. पहिला तास तू बोलत होतास. मग बोलणं बंद झालं. रॉड उचलायचा, खाली आणताना दोन वेढे गुंडाळायचे, पुन्हा उचलायचा. मासा खाली गेला की गुंडाळलेलं सगळं परत जायचं. तुझे ओठ पांढरे पडले. मी टॉवेल पिळत तुझ्या खांद्याशी उभा होतो. एक लाट आली, बोट कलली, तू वाकलास, आणि मी तुझ्या हातांच्या वर रॉड धरला. दोन्ही हातांनी.

"काय करू राहिला भो! हात काढ!"

"अरे पडशील!"

"मी नाही पडत! हात काढ, हेमंत!"

"दोगं मंग भांडा," काशिनाथ म्हणाला, "आदी मासा घ्या वरती."

मी हात काढले. तुला ठाऊक होतं की मासा बाद झाला. तरी तू रॉड माझ्या हातात दिला नाहीस, काशिनाथच्याही नाही. आणखी पाऊण तास तू एकट्याने ओढलास. मासा वर आला, खलाशांनी आकडी घालून आत घेतला, आणि त्या निळ्या-सोनेरी जनावरापाशी बसून तू त्याच्या पाठीवर हात ठेवलास. मला वाटलं, आता तरी खूश होईल. काशिनाथने फोटो काढला त्यात मासा आपल्या दोघांच्या मधे आहे, मी कॅमेऱ्याकडे बघतोय, आणि तू तोंड उघडून माझ्याकडे बघतोयस. काय म्हणत होतास ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. "मी पडत नव्हतो."

मासा माझ्या आळीत वाटला. तू घरी जाऊन खिचडी खाल्लीस.

खरा कहर त्यानंतर. मुंबईच्या शौकीन लोकांचं एक मंडळ आहे, ते असा मासा धरणाऱ्याला प्रमाणपत्र देतं. तू अर्ज मागवलास. मी आणि काशिनाथ दोघांनी सांगितलं, सही आम्ही करतो, तिसरं कुणी पाहिलेलं नाही, लिहून मोकळा हो. अर्जात प्रश्न होता, दुसऱ्या कुणाचा हात लागला का? तू 'हो' वर खूण केलीस. शेऱ्याच्या जागी लिहिलंस, 'मित्राने सुमारे दहा सेकंद धरला. गरज नव्हती.' आणि तो अर्ज पोस्टाने पाठवलास, रजिस्टर करून! बाद व्हायचा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या 'गरज नव्हती'वर मी दोन महिने तुझ्याशी बोललो नव्हतो.

बोलायला लागलो तेही तुझ्यामुळेच. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन पालघरला झालं तेव्हा तू रात्रपाळी करून सकाळी थेट दवाखान्यात यायचास आणि माझ्या उशाशी बसून सलाईनच्या स्टँडला तंगुसाच्या गाठी मारायचास. नर्स वैतागली. सहा दिवस आलास. सातव्या दिवशी घरी सोडताना माझं पोट दुखत होतं, शर्टाची बटणं लावता येत नव्हती. तू लावलीस. शेवटचं बटण लावताना म्हणालास, "तसा मी पडत नव्हतो हां." हसलो तर टाके दुखायला लागले. असा मित्र शत्रूलाही मिळू नये, आणि मला मिळाला हे माझं नशीब. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

त्यानंतर आपण आणखी दोनदा आत गेलो, एकदा तीन वर्षांपूर्वी आणि एकदा गेल्या हिवाळ्यात. दोन्ही वेळा रिकाम्या हाताने आलो. येताना तू शांतपणे तंगूस गुंडाळायचास आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाटायचं, या माणसाचा एक मासा मी खाल्ला आणि याला दुसरा काही मिळत नाही. निवृत्तीला तुझी दोन वर्षं राहिली होती. गुडघे बोलायला लागले होते. मी मनात म्हणायचो, देवा, याला एक दे, म्हणजे मी सुटलो.

आणि मग तू जेवून उठलास, वहिनींना म्हणालास, "पंधरा मिनिटं डोळा लागतो," आणि संपलं. इतक्या चेंगट माणसाने इतक्या झटपट जावं? मला तर पोचायलाही वेळ दिला नाहीस.

परवा तुझ्या घरी चाळीसगावची माणसं जमली होती. तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी वहिनींनी तो माशाचा फोटो ठेवला होता. काशिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी अवघडून बसला होता. जेवणं झाल्यावर तुझा साला, तोच, ज्याच्या लग्नाला तू पोचला नाहीस, फोटोपुढे उभा राहिला. म्हणाला, "हेमंतभाऊ, एवढा मोठा मासा आमच्या दाजींनी एकट्याने काढला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुधाकर, सहा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं. हो, एकट्याने. तू नव्हतास खोडायला. काशिनाथने मान डोलावली असती. तुझ्या माणसांच्या मनात तरी मासा तुझ्या नावावर लागला असता, आणि माझ्या मानेवरचं ओझं उतरलं असतं. मी तोंड उघडलं.

"नाय," मी म्हणालो. "मी हात लावला होता."

"दाजी पडत असतील म्हणून ना?"

"नाय. तो पडत नव्हता."

झालं. मग थांबता येईना. मी तुझ्या सगळ्या पाव्हण्यांसमोर बोलून बसलो. की लाट आली हे खरं, बोट कलली हेही खरं, पण तुझे पाय बाकाला घट्ट होते, मी बघितलं होतं. की तासभर मी तुझ्या खांद्याशी उभा राहून रॉडचं टोक थरथरताना बघत होतो आणि त्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते मला माझ्या हाताने बघायचं होतं. की इतकी वर्षं चेष्टा केल्यावर 'मला एकदा दे' असं म्हणायला माझी जीभ उचलेना. म्हणून लाटेचं निमित्त केलं. दहा सेकंद तो मासा माझ्या हातात होता. खाली, खूप खाली, काहीतरी जिवंत मान हलवत होतं आणि ते माझ्या कोपरापर्यंत येत होतं. आयुष्यात तसं पुन्हा काही झालं नाही. आणि त्यासाठी मी तुझा मासा बाद केला, आणि वर सहा वर्षं तुलाच खोटा पाडत राहिलो.

काशिनाथ खोकला. मला वाटलं वहिनी आता मला बाहेर जायला सांगतील, आणि तेच बरं होईल.

त्या म्हणाल्या, "हेमंतभाऊ, त्यांना ठाऊक होतं."

"काय?"

"त्या दिवशी घरी आले, आंघोळही केली नव्हती. म्हणाले, हेमंतला धरायचा होता. नुसतं म्हणाला असता तर मी दिला असता, नियम गेला खड्ड्यात. मी म्हटलं, मग तसं सांगून टाका ना त्यांना. तर म्हणे, मी सांगून काय उपयोग, त्याने बोललं पाहिजे." त्यांनी माशाचा फोटो सरळ केला. "नंतर दोन्ही वेळा ते तुमच्यासाठीच गेले. तुमच्या हाताला एक लागावा म्हणून. त्यांचं मन त्या पहिल्याच माशाने भरलं होतं."

मी खाली बसलो. काशिनाथने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. गेल्या हिवाळ्यातली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे आली. रीळ किंचाळलं होतं. तू रॉड उचललास आणि तसाच मागे वळलास. "धर, हेमंत! धर!" मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणालो, "मी नाय लावनार हात. परत पाच वर्षं ऐकायचं नाय मला." तू रॉड पुढे करून उभाच राहिलास. तेवढ्यात तंगूस सैल पडलं आणि मासा गेला. मग मी तुला काय काय बोललो. लक्ष कुठे असतं तुझं, लागलेला मासा घालवलास, तुला जन्मात मिळायचा नाही. अख्खा परतीचा प्रवास बोलत होतो. तू तंगूस गुंडाळत होतास, आणि एकदाही तोंड उघडलं नाहीस.

अरे गाढवा, तेव्हा बोलायला काय झालं होतं? एरवी ज्याचं तोंड मिटायचं नाही तो माणूस नेमका तिथे गप्प? ऐक आता. तू पडत नव्हतास. मला धरायचा होता, आणि मागायची लाज वाटली. हे एवढं माझ्या तोंडून ऐकायला तू सहा वर्षं थांबलास ना, मग आणखी तेरा दिवस थांबायला तुला काय धाड भरली होती?